सहावं पान

वडशाच्या बाजारामागच्या वाचनालयात शिरीन सोळा वर्षांपासून ग्रंथपाल होती, आणि कथा त्याच्याही आधीपासून लिहीत होती. बाबूभाई शिलाई मशीनवाल्याची मुलगी मराठीत लिहिते याचं लोकांना आधी नवल वाटलं, मग सवय झाली. लिहायला तिला वेगळी खोली नव्हती. वाक्यं तिला तांदूळ निवडताना सुचत, कपडे वाळत घालताना सुचत. दुपारी बारा ते चार वाचनालय बंद असे, तेव्हा ती वाचकांच्या लांब टेबलावर बसून ती वाक्यं सभासदांच्या जुन्या अर्जांच्या कोऱ्या पाठीवर उतरवून ठेवी.

त्या वेळात आत आणखी एकच बाई असे. बुधरीबाई. झाडलोट करायची, माठ भरायची, मग कपाटाला पाठ टेकून फरशीवर बसायची. तिची मुलगी सोमारी पाच वर्षांपूर्वी गावातल्या बायांबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेली होती. एकोणीस वर्षांची होती. सीझन संपल्यावर सगळ्या बाया जीपनं परत आल्या, सोमारी आली नाही. एक बाई म्हणाली, ती दुसऱ्या टोळीत गेली. दुसरी म्हणाली, ड्रायव्हरबरोबर गेली. ठाण्यात कागद झाला, फोटो दिला. पुढं काहीच झालं नाही. हे सगळं बुधरीबाईनं शिरीनला एकदम सांगितलं नव्हतं. फडकं पिळता पिळता आज एवढंसं, महिन्याभरानं आणखी थोडं, असं करत करत सांगितलं होतं.

शिरीननं त्यावर कथा लिहिली. नाव बदललं, गाव बदललं. तिच्या मते एवढं पुरे होतं. कथा पाच पानांपर्यंत आली आणि अडली. परत न आलेल्या मुलीचं पुढं काय करायचं ते सुचेना. महिनाभर कागद तसेच पडून राहिले. एका दुपारी मेथी निवडताना तिच्या डोळ्यांसमोर डोंगा आला, लाकडी नाव. नदी ओलांडणारा, मिरचीच्या पोत्यांनी आणि बायांनी गच्च भरलेला. डोंगा कलतो आणि मुलगी जाते. शिरीन हात न पुसताच लिहायला बसली. सहावं पान एका बैठकीत झालं. तिला इतका आनंद झाला की संध्याकाळी तिनं शेवयांची खीर केली. अक्रमनं, तिच्या नवऱ्यानं, आज काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, "गोष्ट पूर्ण झाली."

कथा एका दिवाळी अंकात आली, तिथंही सहाच पानं भरली. लातूरहून, साताऱ्याहून फोन आले. शेवट वाचून झोप लागली नाही, असं एक प्राध्यापक म्हणाले. शिरीनला बरं वाटलं.

मग एका गुरुवारी दुपारी बुधरीबाई झाडू बाजूला ठेवून टेबलाजवळ उभी राहिली.

"बाई, स्टँडवरचा पेपरवाला सांगत होता, तुमी माह्या सोमारीवर लिवलं म्हणे."

"तिच्यावर असं नाही..."

"वाचून दाखवा ना."

खुर्चीवर बसायला ती तयार झाली नाही. फरशीवरच बसली, पदर नीट घेतला, हात मांडीवर ठेवले. शिरीननं अंक उघडला. पहिली पाच पानं तिनं जशीच्या तशी वाचली. बुधरीबाई मधेच "हो" म्हणायची, जणू कोणी तिलाच विचारून विचारून सांगत होतं. पाचवं पान उलटलं आणि शिरीनची नजर तिच्या हातांवर गेली. दोन्ही अंगठे एकमेकांवर घट्ट दाबलेले होते.

शिरीनच्या तोंडून पानावर नसलेलीच वाक्यं निघाली. डोंगा काठाला लागला. मुलगी उतरली. तिकडच्या एका मिरचीच्या गोदामात तिला काम मिळालं. घरी फोन करायची लाज वाटली, दिवस गेले, वर्षं गेली. मग एक दिवस तिनं पिशवी भरली आणि बसमध्ये खिडकीपाशी बसली.

"कोणती बस?" बुधरीबाईनं विचारलं.

"गडचिरोलीची. साडेचारला येते ती."

बुधरीबाई उठली, अंकाच्या त्या पानावर तळवा ठेवला, आणि माठ भरायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती चारच्या ठोक्याला वाचनालयातून निघू लागली. शिरीनला वाटलं, घरी काही काम असेल. पुढच्या गुरुवारी ती परत येऊन बसली. "ते अजून एक डाव वाचा." शिरीननं वाचलं. शेवट आठवेल तसा सांगितला.

"मागच्या खेपेले खिडकीपाशी बसली होती," बुधरीबाई म्हणाली. "आता काऊन उभी हाय?"

त्या रात्री शिरीननं खोटा शेवट कागदावर लिहून काढला, म्हणजे पुन्हा चूक होणार नाही. घडी घालून तो सहाव्या पानात ठेवला. घरी अक्रमला सांगितलं, तेव्हा तो जेवता जेवता थांबला. "लिहिताना तू झूठच लिहितेस, ते ठीक आहे. पण त्या बाईला ते छापलेलं वाटतं ना," एवढंच म्हणाला.

त्यानंतर शिरीनचं लिहिणं बंद पडलं. तांदूळ निवडताना सुचे ते एकच, बसच्या खिडकीपाशी बसलेली मुलगी. वाचायला बसली तरी तसंच. कोणत्याही पुस्तकात कोणी गाडीतून उतरलं की तिची नजर तिथंच अडकून राही. बंद वाचनालयात, दार आतून लावलेलं असताना, तिला दोनदा मिरचीचा ठसका लागला. शेजारी कुठं फोडणी चालली असेल म्हणून तिनं खिडक्या उघडल्या. बाहेर काही नव्हतं. मागच्या रॅकजवळ मात्र वास होता, आणि टेबलाच्या टोकाची खुर्ची बाहेर ओढलेली होती. ती आपणच ओढली असेल असं तिनं स्वतःला सांगितलं. पण त्या दिवशी ती त्या टोकाला गेलीच नव्हती.

पौषात थंडी वाढली. बुधरीबाईला ताप होता तरी ती कामाला आली आणि चारला निघाली. शिरीननं हटकलं. "घरी जाऊन झोपा."

"स्टँडवर जातो ना, बाई. बस चुकली तं पोट्टीले घर कसं सापडन? तिच्या माघारी घरकूल झालं, आमी तिकडं राहाले गेलो. तिले ठाऊक नाई."

वाचनालय न उघडताच कुलूप लावून, अंक घेऊन शिरीन स्टँडवर गेली. बुधरीबाई शेवटच्या बाकावर बसली होती, अंगावर चादर लपेटून. साडेचारची गाडी आली. माणसं उतरली, एक म्हातारा कोंबडी घेऊन उतरला, कॉलेजच्या मुली उतरल्या. बुधरीबाई प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होती. गाडी रिकामी झाली.

"बुधरीबाई, मी खोटं वाचलं," शिरीन म्हणाली. "पुस्तकात असं नाही."

"मंग कसं हाय?"

शिरीननं घडीचा कागद बाजूला काढला आणि सहावं पान वाचलं. पहिल्यांदाच मोठ्यानं. ज्या वाक्यांवर ती खूश झाली होती ती वाक्यं तोंडातून निघेनात. पाण्याचं वर्णन तर फारच लांब होतं. तरी तिनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

बुधरीबाईनं समोरच्या रिकाम्या गाडीवरून नजर काढली.

"डोंग्याचं तुमाले कोणं सांगतलं?"

"कोणी नाही. मीच लिहिलं."

"मंग बुडवली काऊन?"

"गोष्ट संपत नव्हती."

बुधरीबाई रागावली नाही. हळू आवाजात, ताप आलेलं माणूस बोलतं तसं म्हणाली, "सोमारीले पोहता येत होतं, बाई. वैनगंगेत भर पाण्यात जात होती पोट्टी, भाऊ लोकंही तिच्या मांगं राहत. तुमी मले इचारलं अस्तं तं सांगतलं अस्तं."

शिरीननं तिला ऑटोत बसवून घरी नेलं.

बुधरीबाई आठ दिवस आली नाही. शिरीन रोज आपल्या हातानं झाडू मारी, आणि मागच्या रॅकजवळ गेलं की तिचा हात थांबे. नवव्या दिवशी बुधरीबाई आली, सारं आवरून टेबलाजवळ उभी राहिली आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसली.

"मले अक्षरं शिकवा."

"शिकवते," शिरीन म्हणाली. "पण आता या वयात..."

"तुमी काय वाचून राह्यल्या, ते मले दिसाले पायजे."

शिरीननं तिसरीच्या मुलांचं पुस्तक आणलं. बुधरीबाईनं ते सरकवलं आणि दिवाळी अंक पुढं ओढला. यातूनच शिकीन म्हणाली. तिथूनच सुरुवात झाली. एक शब्द, दुसरा शब्द. तिचं बोट ओळीखालून चालायचं, काना आला की थांबायचं. दुपारभरात दोन ओळी होत, कधी तेवढ्याही नाहीत. शब्द जमला की ती शिरीनकडे न बघताच पुढं जाई. आईचं वर्णन आलं तिथं ती म्हणाली, "हे बरोबर लिवलं." मुलगी पायात चप्पल घालून निघाल्याचं आलं तेव्हा मान हलवली. "चप्पल नव्हती. पायाले जखम होती, म्हणून अनवाणी गेली."

शिरीननं पेन्सिल उचलली, तशी ती म्हणाली, "लिहू नका. आयका."

म्हणून शिरीन ऐकते. सोमारी कशी हसे, कोणत्या मैत्रिणीशी भांडे, पोहून आली की केस कसे पिळी, हे सारं तिला आता ठाऊक आहे. जेवढं लेखकाला हवं असतं त्याहून जास्त ठाऊक आहे, आणि त्यातला एक शब्दही तिनं कागदावर उतरवलेला नाही. टेबलाच्या टोकाची खुर्ची कधी बाहेर असते, कधी आत. ती आता तिकडं लक्ष देत नाही असं म्हणते, पण अंक उघडण्याआधी तिची नजर तिथं जातेच.

फाल्गुन लागला तेव्हा बुधरीबाई चौथं पान संपवत होती. आताशा दुपारभरात अर्धं पान होतं. ऊन खिडकीतून पानावर आलं की शिरीन उठून पडदा ओढते, माठातलं पाणी देते, पुन्हा शेजारी येऊन बसते. बुधरीबाई बोट ओळीखाली ठेवते आणि मोठ्यानं वाचते, "मिर... ची... ची... पो... ती."

"पोती," शिरीन म्हणते.

"दिसलं मले," बुधरीबाई म्हणते, आणि पान उलटते.