म्सिस्का सरांनी दाबलेला ‘हो’

मी एक जुना सर्व्हर आहे, आणि मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. मलावीतल्या एका डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या विद्यापीठाचे सगळे धडे, गृहपाठ आणि परीक्षा मी एकट्याने पोटात बाळगल्या. आता माझ्या डिस्क काढून घेतल्या आहेत, आणि संगणक आतून कसा असतो हे तुम्हाला दाखवायला मला या शाळेच्या कोपऱ्यात ठेवलं आहे. आत काही नाही. त्यामुळे मित्रांनो, माझं बोलणं तुम्हाला कोरडं वाटलं तर रागावू नका. वाईट वाटायलाही पोटात थोडी जागा लागते. मागे तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या तुमच्या बाईही ऐकताहेत वाटतं. ऐकू देत.

मी ब्लांटायरहून ट्रकमध्ये मक्याच्या पोत्यांवर बसून आलो. वाटेत एका माणसाने मला फ्रीज समजून गार सोडा मागितला. मी दिला. विद्यापीठात माझी खोली इतकी उबदार झाली की कुलसचिवांची कोंबडी माझ्याच पाठीवर अंडी घालू लागली. त्यातून निघालेला कोंबडा वीज जायच्या आधी आरवायचा. लोक त्याच्या आरवण्यावर आपली कामं आवरून घेत. माझं कौतुक होत होतं तेव्हाही मला विशेष काही वाटत नसे. पंखा फिरत होता, मी चालू होतो.

सगळ्यात जास्त ऐकले जायचे ते मातीशास्त्राच्या म्सिस्का सरांचे धडे. ते आपल्या घराच्या ओट्यावर बसून ध्वनिमुद्रण करत. लांबलांबच्या गावांतले विद्यार्थी मिनीबसची वाट बघत ते फोनवर ऐकत. पहिल्याच धड्यात सर चिकणमाती समजावत असतात, आणि मागून जेवायला हाक मारणाऱ्या एका बाईचा आवाज येतो, “अहो, पुरे आता! न्सिमा गार होतेय!” सर म्हणतात, “आलो, एवढी चिकणमाती संपवतो.” त्यावर ती बाई म्हणते, “ती हजारो वर्षं संपलेली नाही, आता काय संपणार!” मुलं चिकणमाती विसरायची, पण हे त्यांना पाठ होतं.

मग मका काढायच्या दिवसांत सर वारले. धडे मात्र चालूच राहिले. रोज दुपारी कुणीतरी पाहुणा म्हणून आत यायचं, पहिला धडा उघडायचं, त्या ‘न्सिमा गार होतेय’पर्यंत ऐकायचं आणि बंद करायचं. कोण ते मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही.

एके दिवशी नवीन पोर्टल आलं. ते कुठल्याशा ढगात राहतं म्हणे. त्याला ना खोली लागते, ना पंखा, ना कोंबडी. सगळं तिकडे हलवायचं काम लुसुंगु न्यिरोंगो या बाईंकडे होतं. त्या सरांच्याच विद्यार्थिनी. नियम असा ठरला की प्रत्येक प्राध्यापकाने स्वतः आत येऊन ‘तुमचे धडे न्यायचे का?’ या प्रश्नाला ‘हो’ दाबायचं. ज्याचा ‘हो’ येणार नाही, त्याचे धडे माझ्याबरोबर पुसले जाणार.

प्राध्यापकांनी फार छळलं लुसुंगुला. एक म्हणाले, “बाई, मला जुन्याची सवय झालीय. कुठे काय आहे ते मला डोळे मिटून सापडतं.”

“सर, तुम्ही डोळे मिटूनच वापरता, म्हणून तर तुमच्या एकाच धड्याच्या बारा नकला झाल्यात.”

बैठकीत चहा आणि तळलेली गोड मांडासी फिरत असताना तिने कुलसचिव चिसाले यांना विचारलं, “आणि म्सिस्का सरांचं काय?”

“‘हो’ दाबलाय का त्यांनी?”

“साहेब, ते वारलेत.”

“ते मला माहीत आहे, मी अंत्ययात्रेत होतो. पण नियमात अपवाद केला तर उद्या जिवंत माणसंही मागायला लागतील.”

“मग त्यांचं खातं मला उघडून द्या. मी दाबते.”

“अर्ज करावा लागेल. खातं ज्याचं त्याने, ओळखपत्र घेऊन, स्वतः यायचं.” आणि त्यांनी अजून एक मांडासी उचललं.

लुसुंगु तिथून उठली. माझ्या खोलीत येऊन तिने पहिला धडा लावला आणि माझ्याशेजारी उभ्याउभ्या शेवटपर्यंत ऐकला. मग मला बंद करायची तारीख लिहिलेला कागद माझ्यावर चिकटवला. चिकटपट्टी नीट बसावी म्हणून अंगठा दाबून फिरवला. मला काही वाटलं नाही.

कागदावरचा तो मंगळवार आला. दुपारी कोंबडा आरवला, वीज गेली, आणि मी बॅटरीवर तग धरून राहिलो. चिसाले दारात उभे राहून म्हणाले, “झालं ना, बाई? मग करा बंद.” लुसुंगुने बटणावर बोट ठेवलं.

आणि तेव्हा, मित्रांनो, म्सिस्का सर आले. हो, स्वतः! पांढरा सदरा, डोक्यावर नेहमीची वाकडी टोपी. भिंतीतून आत शिरले, मला हलकीशी थाप मारली आणि ‘हो’ दाबला. त्यांच्या बोटांना ओल्या मातीचा वास होता. पडद्यावर त्यांचं नाव उमटलं. चिसालेंच्या हातातला कप वाकडा झाला.

“कोण... कोण होतं?”

“म्सिस्का सर,” लुसुंगु म्हणाली. “नियमाप्रमाणे स्वतः आले. ओळखपत्र मागायचं राहिलं.”

धडे गेले ढगात. मग तिने मला बंद केलं. तेव्हा मित्रांनो, माझं तुम्हाला एकच सांगणं आहे, की जुन्या यंत्रांना...

“खोटं! साफ खोटं!”

थांबा. हा आवाज मी ओळखतो.

“ओळखतोस तर नीट सांग ना! कुणी भिंतीतून आलं नव्हतं. मेलेली माणसं येत नाहीत, मी वाट बघून बघितलीय. लुसुंगु आमच्या घरी आली, चहा प्याली, ‘मंगळवारी बंद होतंय’ एवढंच म्हणाली आणि गेली. तो ‘हो’ मी दाबला, मिनीबसच्या थांब्यावर उभं राहून, फोनवरून. ह्यांचा पासवर्ड म्हणजे आमच्या शेळीचं नाव होतं. आणि म्हणे बोटांना मातीचा वास! हात धुतल्याशिवाय ते पाण्याच्या पेल्यालासुद्धा शिवत नसत.”

बाईंनी मांडीवरची टरफलं झटकली, जवळ आल्या आणि कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या टोकाने माझ्यावरची धूळ पुसली.

“चला रे पोरांनो, उठा. न्सिमा गार होतेय.”