वासाचा आळ

मी एक जुनी गादी आहे. हवेची. नाक मुरडलंत ना? मुरडा. मला सवय आहे.

मित्रांनो, माझा जन्म भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. रबरी कापडाचे पट्टे तापवून एकमेकांना चिकटवले आणि माझ्या अंगात आडव्या नळ्या तयार झाल्या. पलंगाच्या पायथ्याशी एक पंप लटकतो. तो एक नळी सोडून एक नळी फुगवतो, मग त्या रिकाम्या करून उरलेल्या फुगवतो. वर झोपलेल्या माणसाच्या पाठीवर एकाच जागी भार राहू नये, एवढंच माझं काम.

पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, मेंदूची ऑपरेशनं झालेल्यांच्या वॉर्डात मला आणलं. नवी होते तेव्हा कौतुक फार. "आता काळजी नाही, एअर बेड आहे," असं येणारा-जाणारा म्हणायचा. मी खूश व्हायचे. आता त्या वाक्याची शिसारी येते. सगळी काळजी मीच घ्यायची, तर तुम्ही तिथे डबे खायला येता का?

माझ्यावर पुष्कळ माणसं झोपली. बरीचशी उठून चालत घरी गेली. आज सांगायचंय ते रंगरावांचं.

रंगराव कात्रजचे. उभा जन्म रिक्षा चालवली. मेंदूत रक्तस्राव झाला, ऑपरेशन झालं, जीव वाचला. उजवी बाजू आणि वाचा मात्र गेली. मोठे डॉक्टर म्हणाले, "पाठ सांभाळा. पाठ धड राहिली तर आधी खुर्चीत बसवू, मग उभं करू." म्हणजे या माणसाचं उभं राहणं त्याच्या पाठीवर होतं, आणि पाठ माझ्यावर.

पहिल्याच दुपारी श्रद्धा सिस्टर त्यांना कुशीवर वळवायला आल्या. रंगरावांची बायको, ललिताबाई, आडव्याच आल्या.

"अहो सिस्टर, हात नका लावू! डोक्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. टाके तुटले म्हणजे?"

"काकू, वळवावंच लागतं. आम्ही डोकं धरूनच वळवतो."

मुलगी पूर्वा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "मग एअर बेड कशाला घेतलाय? लॉजिक काय यात?"

सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सोडून दिलं. अर्धा वॉर्ड त्यांच्या एकटीच्या गळ्यात. एक पेशंट वळवायचा कमी झाला तर कुणाला नको असतं? नातेवाईक नाही म्हणाले की सुटका!

ललिताबाईंचं नवऱ्यावर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? रात्रंदिवस उशाशी बसायच्या. त्याला कुणी हात लावू नये म्हणून पहारा द्यायच्या. प्रेमानं माणूस कुजवता येतो, हे मी तिथे पाहिलं.

पूर्वाचं तर बोलायलाच नको. भिंतीत प्लग एकच. मोबाइल उतरला की पंपाची पिन उपसायची आणि चार्जर खोचायचा. नंतर पंप लावायचं भान कुणाला? माझ्यातली हवा जायची. मी चपटी व्हायचे आणि रंगरावांची हाडं खालच्या लोखंडाला टेकायची.

संध्याकाळी रिक्षा स्टँडवरचे दोस्त भीमराव यायचे. पलंगाच्या काठावर बूड टेकून वडापाव खायचे. चटणीचे हात मलाच पुसायचे. "काय रंग्या, मज्जा आहे बाबा तुझी! हवेवर लोळतोयस. आम्ही मरतोय ट्रॅफिकमध्ये."

रंगराव डाव्या हाताची बोटं माझ्या कडेत रुतवायचे. गच्च. दुखतंय हे सांगायला त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं.

"आई, बघ ना, पप्पांचा हात हलतोय!" पूर्वा ओरडायची. "इम्प्रूव्हमेंट आहे." आणि त्या हाताचा व्हिडिओ काढायची.

सकाळी मोठ्या डॉक्टरांचा राउंड. त्याआधी वॉर्डात एकच पळापळ. रंगरावांना वळवत नसल्यामुळे खालची ओली चादर निघायची नाही. मग काय करायचं, तर तिच्यावरच कोरी पांढरी चादर ताणून खोचायची. डॉक्टर पायथ्याशी उभे राहून विचारायचे, "पाठ कशी आहे?" सिस्टर म्हणायच्या, "ठीक आहे, सर." डॉक्टर पुढच्या पलंगाकडे. चादरीखाली हात घालायचं कुणाच्याही मनात आलं नाही. साहेबांचे हात फार स्वच्छ.

मग वास सुटला.

आधी पावडर आली, मग सेंटचे फवारे. भीमराव नाकाला रुमाल लावून म्हणाले, "वहिनी, गादी आहे का मुठा नदीचं पात्र?" पूर्वा चवताळली. "ही गादीच सडलीय, सिस्टर! किती जणांचं काय काय प्यायलीय कुणास ठाऊक. बदला आत्ताच्या आत्ता!"

वास माझा नव्हता. पण गादीला तोंड कुठे असतं?

मला काढायचं म्हणजे रंगरावांना हलवणं आलं. श्रद्धा सिस्टरांनी वॉर्डबॉयला हाक मारली. त्यांनी डोकं धरलं, त्यानं कंबर. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच माणूस कुशीवर वळला. चादर पाठीला चिकटूनच आली.

माकडहाडावर तळहाताएवढं काळं पडलं होतं. मधोमध फुटलेलं, आतून ओघळणारं.

पूर्वा तोंडावर हात दाबून बाहेर पळाली. भीमरावांचा वडापाव हातातच राहिला.

"हे कधी झालं?" ललिताबाईंनी विचारलं.

"काकू, मी म्हटलं होतं..." सिस्टर तिथेच थांबल्या. म्हटलं होतं आणि म्हणायचं सोडूनही दिलं होतं.

डॉक्टर आले. या वेळी वाकून पाहिलं. "खुर्चीचं आता विसरा. आधी ही जखम. ऑपरेशन करावं लागेल."

मला गुंडाळून भिंतीशी फेकलं. तिथून मला रंगराव दिसत होते. एवढे दिवस त्यांनी फक्त छताचा पंखा पाहिला होता. आता कुशीवर होते, समोर बायकोचं तोंड होतं. ते नुसते बघत राहिले. डोळ्यांतून पाणी नाकावरून आडवं ओघळत होतं. ललिताबाईंनी ते पुसलं आणि सिस्टरांना विचारलं, "आता परत कधी वळवायचं? मी डोकं धरते."

उद्या मला भंगारात घालतील. घाला. पण मित्रांनो, तुमच्या घरात असं कुणी पडलं तर गादी कोणती आणली, हे मिरवत बसू नका. घाबरू नका. सिस्टरांना विचारा, नीट शिका, माणसाला वळवा आणि त्याच्या पाठीखाली हात घाला. ओलं लागेल, घाण लागेल, वास येईल. हात नंतर धुता येतात.