फाटकगल्लीवरचा पूल

उड्डाणपुलाखाली आता गाड्या लावायची जागा आहे. तिथे उतरल्यावर आत्याने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग पुतणीला म्हणाली, "इथे माझ्या मामीचं, म्हणजे तुझ्या आजीचं, शिवणयंत्र होतं. आणि तू गाडी लावलीस ना, ती आमची न्हाणी."

"तरीच इथे पाणी गळतंय," पुतणी म्हणाली.

पुतणी पंपांच्या कारखान्यात माल परदेशी पाठवायच्या खात्यात होती. कारखाना वाढवायचा की नाही हे ठरवण्याआधी बंदर बघायला दुसऱ्या दिवशी परदेशाहून पाहुणे यायचे होते आणि त्यांना फिरवायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. असंच काम आत्याने ऐन तारुण्यात केलं होतं. त्याच्या गोष्टी कारखान्यात अजून तिखटमीठ लावून सांगत. म्हणून पुतणीने तिला गाठलं होतं, "आत्या, खरं काय झालं होतं ते तुझ्या तोंडून सांग."

आईवडील लवकर गेले, म्हणून आत्या लहानपणापासून मामाकडे वाढली. मामा गोदीत क्रेन चालवायचा. भाचीला परकी भाषा येते याचं त्याला एवढं कौतुक की तिला तो मैनाच म्हणायचा. मामी दारातच यंत्र मांडून शिवणकाम करायची. घर फाटकगल्लीत. शहरातून बंदराकडे जाणारा एकुलता एक रस्ता त्या गल्लीतून जायचा आणि गल्लीच्या टोकाला रेल्वेचं फाटक होतं. मालगाडीचे डबे मागेपुढे होत राहायचे आणि फाटक पडलेलं ते पडलेलंच. पण फाटक पडलं की गल्लीचा संसार उभा राहायचा. अडकलेल्या ट्रकवाल्यांची दाढी न्हावी करायचा, तुटलेल्या वहाणा चांभार शिवायचा, चहावाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची. मामी बटणं लावून द्यायची आणि गावोगावच्या बातम्या फुकटात ऐकायची. कोणाची मुलगी कुठे दिली, कुठल्या घाटात ट्रक उलटला, सगळं तिला वर्तमानपत्राच्या आधी कळायचं.

पंपांचा कारखाना काढू पाहणारा परदेशी पाहुणा आला तेव्हा मैना शाळेत परकी भाषा शिकवत होती. नगराध्यक्षांनी तिला दुभाषी म्हणून बोलावून घेतलं. पाहुणा म्हणजे उंच, वाकलेला, कमी बोलणारा म्हातारा. कारखान्यासाठी तो दोन-तीन बंदरं बघत फिरत होता. नगराध्यक्षांनी गाडीत बसल्यापासून बोलण्याची टकळी सुरू केली. इथलं पाणी खोल, मोठ्या बोटी थेट धक्क्याला लागतात. वीज मुबलक. इथून निघालेल्या मालाला शेजारच्या देशांत जकात नाही. मैना एकेक वाक्य पाहुण्याच्या भाषेत सांगत होती.

"कारखान्यातून बोटीपर्यंत माल किती वेळात जाईल?" पाहुण्याने विचारलं.

"चुटकीसरशी," नगराध्यक्ष म्हणाले.

हे बोलणं संपतंय न संपतंय तोच पुढे फाटक पडलं.

पुढे विटांचा ट्रक, मागे तेलाचा टँकर. विटांच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला आणि न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसला. त्याचे केस कापून झाले, दाढी झाली, मानेची मालिशही झाली. डबे अजून मागेपुढे होतच होते. नगराध्यक्षांनी घाम पुसला आणि हळूच म्हणाले, "बाई, सांगा त्यांना, असं आज पहिल्यांदाच होतंय."

मैनेने न्हाव्याकडे पाहिलं. त्याने सगळ्या खुर्च्या फाटकाकडे तोंड करून मांडल्या होत्या. ती पाहुण्याला म्हणाली, "असं आज पहिल्यांदाच होतंय, असं तुम्हाला सांगायला मला सांगितलंय."

म्हातारा गालात हसला. "आणि मी तुम्हालाच विचारलं तर?"

"मी याच गल्लीत वाढले. शाळा फाटकापलीकडे होती. मला उशीर झाला तर कोणी कारण विचारायचं नाही."

म्हातारा मोठ्याने हसला. काम फत्ते झालं असं समजून नगराध्यक्षही हसले. त्या संध्याकाळी पाहुण्याने सांगितलं, "बाकीच्या गावांनी मला काय आहे ते दाखवलं. इथे काय अडतं ते कळलं. फाटकावर पूल बांधा, मी येतो."

पूल बांधायचं ठरलं. नकाशा लागला तेव्हा पुलाचा उतार नेमका फाटकगल्लीवर आला होता आणि गल्लीतली घरं जाणार होती. मामाने घरी येऊन हातपाय धुतले आणि विचारलं, "मैना, तू काय सांगितलंस त्याला?"

तिने सांगितलं.

"खोटं नाही ना बोललीस?"

"नाही."

"मग वाढ जेवायला."

मामीने मात्र अबोला धरला. ताटात वाढायची, पण तोंडातून शब्द नाही. पुढच्या बैठकीला पाहुणा आला, तेव्हा सगळ्यांचं बोलणं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आता मी माझं बोलते." पूल झाला की फाटकावर जगणारी माणसं उघड्यावर पडतील, त्यांना कारखान्याच्या दारात गाळे द्या, असं तिने दोन्ही भाषांत सांगितलं. नगराध्यक्ष चपापले. म्हातारा मात्र लगेच हो म्हणाला.

गाळे मिळाले. न्हावी, चांभार, चहावाला तिकडे गेले. मामीला कामगारांचे गणवेश शिवायचं काम मिळालं. पण नव्या घरात तिचं मन रमेना. कापड गठ्ठ्याने यायचं, गिऱ्हाईक दिसायचं नाही. गणवेशाला थोड्याच बातम्या असतात? अबोला तसाच राहिला.

पहिल्यांदा पंपांचा माल बोटीवर चढला त्या दिवशी क्रेनवर मामाच होता. तो घरी आला तो सरळ आडवाच झाला. "दिवसभर ट्रकमागून ट्रक," तो म्हणाला. "पूर्वी फाटक पडलं की आम्हाला जरा पाठ टेकायला मिळायची. मैना, तुझ्या पुलाने माझी झोप खाल्ली बघ."

मामीला हसू आलं. ते तिने पदरात दाबायला पाहिलं, पण आवरलं नाही. हसता हसता डोळे पुसत ती भाचीला म्हणाली, "चहा टाक गं तिघांना." इतक्या काळाने भाचीशी बोललेला तो पहिला शब्द.

एवढं सांगून आत्याने वर पुलाकडे पाहिलं. डोक्यावरून ट्रक धडधडत गेले.

"उद्या पाहुणे विचारतील," पुतणी म्हणाली. "सध्या अडतं ते बंदरातच. धक्का अपुरा पडतो. बोटी बाहेर समुद्रात ताटकळतात."

"मग तसंच सांग. पण बोटी अडतात त्यावरही कोणाचं तरी पोट चालत असेल. त्या बोटींपर्यंत भाजीपाला, पिण्याचं पाणी कोण नेतं?"

पुतणीला ते ठाऊक नव्हतं. तिने गाडी काढली आणि दोघी बंदरावर गेल्या. धक्क्याच्या कडेला लहान होड्या लागल्या होत्या. एक बाई कोबीच्या पाट्या होडीत उतरवत होती.

"बाहेरच्या बोटींवर जाता का?" पुतणीने विचारलं.

"रोज," ती बाई म्हणाली. "यायचंय का?"

पुतणीने आत्याकडे पाहिलं. आत्याने चपला काढून हातात घेतल्या आणि तिच्याआधी होडीत पाय टाकला.