रांगेतला पूर

वहिनींनी बटणावर टेकवलेलं बोट पुन्हा उचललं.

संस्थेच्या मोठ्या कॉम्प्युटरवर कुणाचं काम कधी चालावं, याचे नियम त्या लिहीत. यजमान त्याच संस्थेत नदीच्या पुराचं गणित मांडत. ते सगळ्यांचे पूरवाले; नोकरीला आधी लागलेले, म्हणून या सगळ्यांच्या वहिनी.

पूरवाल्यांचं गणित मोठं हट्टी. नदीचा एकेक तुकडा एकेका प्रोसेसरवर, आणि प्रत्येकाने सारखी शेजाऱ्याला पाण्याची पातळी कळवायची. एक अडला की सगळे अडले. म्हणून निम्मे प्रोसेसर एकदम मोकळे हवेत. पण चार मोकळे झाले रे झाले, की कुणाचं तरी फुटकळ काम टुणकन तिथे जाऊन बसे. गुरुवारच्या बैठकीत निकाल दाखवला नाही तर प्रकल्प गुंडाळला जाणार होता, आणि काम अजून रांगेतच होतं.

नवा नियम तयार होता. मोकळे होतील ते प्रोसेसर मोठ्या कामासाठी राखायचे. तोवर संपतील तेवढीच छोटी कामं मध्ये सोडायची. भलं सगळ्याच मोठ्या कामांचं होतं, पण पहिला फायदा घरच्याच माणसाला. लोक काय म्हणतील, या धास्तीने तर त्यांनी वर्षापूर्वी नवऱ्याची कामं गुपचूप सर्वांत खालच्या पायरीवर ढकलली होती. आज त्यांना त्याची लाज वाटली. त्यांनी ती पायरी काढली आणि नियम लागू केला.

थोड्याच वेळात रेणूंवर काम करणारी मुलगी आली.

"वहिनी, प्रोसेसर रिकामे आहेत आणि माझं काम का थांबलंय?"

"किती वेळ लागेल म्हणून लिहिलंयस?"

"एक तास. होतं तसं दहा मिनिटांत."

"मग दहाच लिही. लगेच शिरेल."

ती हसत गेली. वहिनींनी पडद्याकडे पाहिलं, तर राखीव जागा मिळाली होती मागून आलेल्या ताऱ्यांच्या कामाला; पूरवाल्यांचं काम अजूनही तळालाच. त्या तडक नवऱ्याच्या खोलीत गेल्या.

"तुमचं काम सगळ्यांच्या खाली कुणी टाकलं?"

"मीच. काम लावतानाच 'सगळ्यांच्या शेवटी' अशी खूण करतो, नेहमीच. उगाच तुझ्या नावाने कुणी बोटं मोडायला नकोत."

वहिनी खुर्ची ओढून समोर बसल्या.

"मीही टाकलं होतं. वर्षभर."



"तरीच," पूरवाले म्हणाले, "गेल्या वर्षीचा पूर अजून पोचला नाही."

दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पूरवाल्यांनी आपली खूण काढून टाकली आणि त्यांचं काम वर सरकलं. तेवढ्यात तारेवाले दारात उभे राहिले.

"वहिनी, आत्ता माझा नंबर होता. गेला कुठे?"

"तुम्हीच घ्या हो आधी—" पूरवाले उठू लागले.

वहिनींनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. नवऱ्याची बाजू ऑफिसात घ्यायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"रांगेत हे तुमच्या आधीपासून आहेत," त्या म्हणाल्या.

"असं होय? मग ठीक आहे की," तारेवाले म्हणाले. "आम्हाला आपलं वाटायचं, पूरवाल्यांना कधी घाईच नसते."