ठिपके उभे राहीपर्यंत

आमच्या घराण्यात एका जागी बूड टेकवणं कुणालाच जमत नाही. माझं तर पोटही त्यावरच चालतं. इमारतींच्या लिफ्ट तपासायच्या, म्हणजे दिवसभर वर-खाली करायचं आणि संध्याकाळी होतो तिथेच असायचं. पण आईचं फिरणं मला बघवेना. जुनं घर विकून ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हापासून ती बसतच नव्हती. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून दाराशी, हातात भरलेली पिशवी. काय हवंय विचारलं की म्हणायची, "काही नको रे, निघतेच आता." निघून जाणार कुठे? त्या घराला नवीन माणसांनी नवीन कुलूपही लावलं होतं.

जुन्या घरात तिला खुर्चीत धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, बाबांची रेकॉर्ड. बाबा तरुणपणी गायचे. एका लहानशा कंपनीने त्यांची दोन गाणी काढली आणि लगेच ती कंपनी बसली. माझ्या आवाजाचाच पायगुण, असं बाबा स्वतःच हसत सांगायचे. रोज संध्याकाळी ती रेकॉर्ड लागायची, बाबा असताना आणि ते गेल्यावरही. घर हलवायच्या तोंडावर प्लेअरची मोटर जळली आणि तो भंगारात गेला. रेकॉर्ड तेवढी आली. बायकोने इंटरनेट पालथं घातलं, पण ती गाणी दुसरीकडे कुठेच नव्हती. आईला पुन्हा बसतं करायचं तर प्लेअर आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

एका छापखान्याच्या माडीवर एक जण जुने प्लेअर खोलून, पार नवे करून विकायचा. लोक त्याला सर्जन म्हणायचे. त्याच्या टेबलावर कायम कुणाचं तरी पोट उघडं पडलेलं असायचं. लाकडी पेटीचा, जड चकतीचा एक प्लेअर मला बघताक्षणी आवडला.

"उद्या नेऊ?" मी विचारलं.

"नवा पट्टा घातलाय साहेब, जरा रुळू दे."

दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशीही गेलो. प्रत्येक वेळी तो चकती फिरवून बघत बसलेला, आणि मी खिडकी ते दार, दार ते खिडकी.

"साहेब, तुम्ही असे येरझाऱ्या घालणार असाल तर हादऱ्याने सुई उडेल," तो म्हणाला. "एवढी घाई असेल तर रेडिओ घ्या. बटण दाबलं की वाजतो."

शेवटी एकदाचा त्याने मला जवळ बोलावलं. चकतीच्या कडेला बारीक ठिपक्यांची रांग होती आणि शेजारी मिणमिणता लाल दिवा. वेग बरोबर असला की त्या उजेडात फिरते ठिपके जागच्या जागी उभे दिसतात, चुकला की सरकायला लागतात. आत्ता ते शाळेच्या प्रार्थनेसारखे उभे होते.

"ठिपके उभे राहीपर्यंत मी माल दाराबाहेर जाऊ देत नाही," तो म्हणाला. मग वेगाच्या बटणावर चिकटपट्टी लावून त्याने मला बजावलं, "याला हात लावायचा नाही."

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी प्लेअर मांडला. आई नेहमीसारखी पिशवी घेऊन दाराशी उभी होती. मी रेकॉर्ड लावली, सुई ठेवली. ते बाबा नव्हतेच. बाबांचा आवाज जड, सावकाश, भरपेट जेवून उठलेल्या माणसाचा. इथे कुणीतरी कोवळा पोरगा उभ्या उभ्या गाऊन मोकळा होत होता.

मी आईकडे पाहिलं. चौकटीला धरून ती दोन ओळी ऐकत राहिली. मग पिशवी खाली ठेवून तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"संपलं," मी म्हणालो. "तिला ओळखच पटली नाही."

"अहो, त्यांना विचारा तरी," बायको म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? दिसतंय की." एवढं बोलून मी वायरी काढल्या, रेकॉर्ड बगलेत मारली, पेटी छातीशी धरली आणि जिना उतरलो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, त्यातला मी. बायको वरून काहीतरी ओरडत होती, पण तोवर मी कोपऱ्यावर पोचलो होतो.

सर्जनने रेकॉर्ड ऐकली, ठिपके पाहिले. "उभे आहेत," तो म्हणाला. "तुमचा जुना प्लेअर रेंगाळत असणार. त्यामुळे आवाज जड यायचा. हा खरा आवाज."

"असेल. पण आमचे बाबा तसे नव्हते. याला हळू करा."

"म्हणजे मी बिघडवू?"

"आई घरात दार लावून बसलीय हो. मला आमचे बाबा हवेत."

मग त्याने चिकटपट्टी सोलली आणि पाठ फिरवून उभा राहिला. "तुम्हीच फिरवा. माझ्याच्याने बघवणार नाही."

मी बटण फिरवत गेलो. ठिपके हलले, सरकले, मागे पळायला लागले. पोरग्याचा आवाज खाली खाली उतरला आणि एका जागी बाबा आले. तेच, पोटातून येणारे, प्रत्येक ओळीनंतर दम खाणारे. मी खुर्ची ओढून बसलो. किती तरी दिवसांनी मी नुसता बसलो होतो.

संध्याकाळ व्हायच्या आत घरी येऊन मी रेकॉर्ड लावली. आवाज घरभर पसरला तशी आई खोलीतून आली. केस नीट विंचरलेले, तोंडाला पावडर. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिलं.

"हे काय लावलंस?" ती म्हणाली. "सकाळचं लाव."

"सकाळचं? अगं, ते ऐकून तू आत निघून गेलीस ना."

"केस विंचरायला गेले होते. अशा अवतारात काय बसायचं समोर? बाहेर येऊन बघते तर पेटीच गायब."

बायको माझ्याकडे बघत होती.

"पण आई, हाच बाबांचा आवाज आहे. लहानपणापासून हाच ऐकतोय."

"तू ऐकणारच. रांगायला लागलास तेव्हा त्या प्लेअरवर चढून बसलास. जन्मात एका जागी बसलास तो तेवढाच. तेव्हापासून तो रेंगाळायला लागला. मी म्हटलं दुरुस्त करून आणा, तर हे म्हणाले, राहू दे, आता पोराचा बाप झालो, असाच शोभतो." ती पेटीजवळ आली. "हा तुमचा बाप रे. सकाळचा होता तो माझा. मला भेटला तेव्हा अस्साच घाईघाईत बोलायचा, कुणी येईल म्हणून."

मी बटणाला हात घातला. बाबा चढत गेले, हलके झाले, आणि त्या जागी तो पोरगा आला. माझ्या मुलापेक्षाही लहान असेल वयाने. मला तो अनोळखी होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा रागच आला. ठिपके हळू हळू सरकत येऊन उभे राहिले.

आईने खुर्ची पेटीजवळ ओढली आणि ती बसली. हात मांडीवर, मान किंचित कलती. आम्ही खोलीत आहोत याचं तिला भान नव्हतं. दाराशी ठेवलेली तिची पिशवी मी उचलून आत नेऊन ठेवली, आणि बायकोला बाहेर चल म्हणून खूण केली.

"आता कुठे निघालात?" ती म्हणाली.

"चल तर," मी म्हणालो. आम्ही बाहेर आलो आणि मी हळूच दार ओढून घेतलं.