हिरवी पट्टी

परतूर स्टेशनावर उतरताना प्रीतीच्या मनात एकच आशा होती, आणि तिची तिलाच लाज वाटत होती. आईजवळचा जुना फोन चोरीला गेलेला असावा.

विद्यापीठातलं तिचं खातं कुणा परक्यानं उघडलं होतं. तुरीच्या मर रोगावरच्या तीन हंगामांच्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या, आणि तिच्या नावानं विभागातल्या पोरापोरींना फसव्या लिंका गेल्या होत्या. पासवर्ड तिनंच एका बनावट नियतकालिकाच्या संकेतस्थळावर टाकला होता, हे तिला कळून चुकलं होतं. पण नुसत्या पासवर्डवर खातं उघडत नसे. फोनवर ‘तुम्हीच आहात का?’ असं विचारलं जाई आणि हिरव्या पट्टीवरचं ‘होय’ दाबावं लागे. ते कुणीतरी दाबलं होतं.

“दुसऱ्या कुणी अजाणता दाबलं असेल तर ताकीद देऊन सोडतील,” तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या होत्या. “पण त्या माणसाला चौकशी समितीपुढं येऊन जबाब द्यावा लागेल. तू स्वतः दाबलं असशील, तर फेलोशिप गेली समज.”

नवा फोन घेतला तेव्हा ही सोय त्यावर उतरवून घ्यायची राहून गेली होती. जुना फोन आईला दिला आणि सांगितलं, वाजला की हिरवं दाबत जा. आज उतरवू, उद्या उतरवू, यात दोन वर्षं गेली.

आई, बेबीनंदा, नुकतीच जिनिंगच्या कारखान्यावरून आली होती. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू. पोरीला बघून ती चुलीपुढं बसली आणि चहा टाकला.

“न सांगता आलीस? सुट्टी हाय का?”

“हो. माय, फोन कुठंय?”

बेबीनंदानं पोलक्यातून रुमाल काढला, रुमालातून फोन. काचेला एक ओरखडा नव्हता.

“मधी कुठं हरवला होता का? कुणी घेतला होता?”

“कोन घेतो? अंघोळीला जाते तवा बी खिडकीत ठेवते, दिसंल असा. मुकादम म्हन्तो, बेबीबाई, त्यात काय सोनं हाय का? म्या म्हनलं, सोनंच समज.”

“इतकं काय त्यात?”

“तुजा मिस्कॉल येतो ना.”

प्रीतीला क्षणभर उमगलं नाही. जालन्याला कॉलेजात असताना होस्टेलवर पोचली की ती एक मिस्ड कॉल द्यायची. पुढं बोलायला वेगळे पैसे पडेनासे झाले आणि ती सवय सुटली. तिची सुटली होती.

“ते हिरवं आलं की मला कळतं,” बेबीनंदा चहा गाळत म्हणाली, “की पोरगी अभ्यासाला बसली. मी दाबते, म्हंजी तुला बी कळतं, मायनं बघितलं. मागल्या आठवड्यात तर लईच केलेस की गं! एकामागं एक, एकामागं एक. हाताला कापूस, तरी एक बी सोडला न्हाई. गंगूबाईला म्हनलं, बघ, आज माही पोरगी बिलकुल उठूनच न्हाई राह्यली.”

प्रीतीनं कप उचलला. चहा पोळत होता. तिनं तो तसाच घशाखाली उतरवला.

“बराबर केलं ना?”

“बराबर केलंस.”

मग तिनं त्या फोनवरची सोय आपल्या फोनवर घेतली. आई शेजारी बसून बघत होती. “म्हंजी आता मला येनार न्हाई?” असं तिनं एकदाच विचारलं आणि फोन पुन्हा रुमालात बांधला.

सोमवारी समितीत तिघंजण होते. मॅडम कडेला बसल्या होत्या.

“मंजुरी कुणी दिली?”

“मीच.”

मॅडमनी मान वर केली. “प्रीती, नीट आठव. फोन घरी कुणाकडे होता का?”

“नाही, मॅडम. माझ्याकडेच होता. कंटाळून दाबत गेले.”

त्यांनी सही घेतली. प्रयोगशाळेची किल्ली तिनं टेबलावर ठेवली आणि बाहेर आली. आवारात कुणी ओळखीचं नव्हतं. ती पायरीवर बसली, फोन काढला, आईचा नंबर लावला. एक रिंग जाऊ दिली आणि कापला.

तिकडं जिनिंगवर चहाची सुट्टी झाली असेल. आईनं रुमाल सोडला असेल, आणि गंगूबाईला सांगितलं असेल की पोरगी बसली अभ्यासाला.