ज्याचा डाग, त्याचं धुणं

आमच्या छापखान्यात चप्पल बाहेर काढूनच यावं लागतं. देवळात हळूच घालून जाणारेही माझ्याकडं मुकाट्यानं काढतात. देव बोलत नाही, मी बोलते.

औरंगाबादेत लग्नपत्रिका छापणारे पुष्कळ, पण बोटांचे ठसे नसलेली पत्रिका हवी असली की लोक आमच्याकडं येत. त्यात निम्मं श्रेय फहमिदाचं. अकरा वर्षं आम्ही दोघीच. ती जाळीवरून शाई ओढायची, मी कागद लावायची आणि उचलायची. शाईचा हात कागदाला लागायचा नाही, कागदाचा शाईला. रॉकेलच्या चिंध्या झाकणाच्या डब्यात. आणि ज्याचा डाग, त्यानं संध्याकाळी जाळीच्या सगळ्या फ्रेमा धुवायच्या. अकरा वर्षांत ती पाळी माझ्यावर एकदाही आली नव्हती, आणि मी ते येईल त्याला सांगायची.

त्या दिवशी कन्नड गावचे रामकिसन लेकीच्या पत्रिका न्यायला आले. सोबत त्यांची आई, भागूबाई. तीनची एसटी गाठायची होती. वाळलेल्या पत्रिका टेबलावर ठेवून मी चहा सांगायला गेले. येऊन बघते तर वरच्या आठ पत्रिकांच्या कोपऱ्यावर ओला पिवळा डाग. आदल्या दिवशी आम्ही पिवळ्या शाईत पिशव्या छापल्या होत्या. माझं डोकंच फिरलं. आठही चुरगाळून रद्दीत टाकल्या.

"फहमिदा, कालची शाई धुतली नाहीस नीट. घाण करायची तर घरी कर," रिक्षा बघून नुकतेच आत आलेल्या रामकिसन यांच्यादेखत मी म्हणाले.

ती जाळीपाशी पाठमोरी होती, वळून तिनं दोन्ही हात पुढं केले. मी बघितलेच नाहीत.

"मी हात लावला नाय, ताई," एवढंच ती म्हणाली. मग ॲप्रन काढला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. एरवी तो खुंटीलाच असायचा.

तेवढ्यात भागूबाई बाहेरच्या नळावर हात धुऊन आल्या. कमरेच्या बटव्यातून कुंकवाची डबी काढली आणि टेबलाकडं बघत राहिल्या.

"हळद लावल्याल्या पत्रिका कुठं गेल्या? देवाच्या नि मामाच्या व्हत्या त्या. आता कुंकू लावायचं व्हतं."

हजारो पत्रिका छापल्या मी, आणि मला हळद ओळखू आली नाही. लाजेनं कान तापले. आधी भागूबाईंची माफी मागितली. मग जेवढ्या मोठ्यानं बोलले होते तेवढ्याच मोठ्यानं, त्याच रामकिसन यांच्यादेखत म्हणाले, "फहमिदा, चूक माझी आहे. तुझे हात स्वच्छ होते."

घड्याळात दीड वाजला होता. आठ पत्रिका पुन्हा छापायच्या होत्या, आणि आमचं काम एकटीनं होत नाही. फहमिदानं भागूबाईंकडं बघितलं, पिशवीतून ॲप्रन काढला.

"कागद लावा," ती म्हणाली.

पत्रिका वाळल्या, त्यांना हळद लागली, कुंकू लागलं. भागूबाईंनी त्यातली पहिली फहमिदाच्या हातात दिली. "दोनदा छापलीस लेकी, लग्नाला याचंच."

संध्याकाळी मी फ्रेमा धुतल्या. फहमिदा स्टुलावर बसून बघत होती.

"कोपरा राहिला."

"राहू दे की."

"नाय राहायचा."

घासला. मग तिनं ॲप्रन खुंटीला अडकवला, चपला घातल्या आणि दारातून मागं वळून बघितलं.

"दिव्याच्या बटनावर तुमचा अंगठा उठलाय, ताई. उद्याच्या फ्रेमापण तुमच्याच."

ती गेली. चिंधी हातातच होती. मी बटन पुसलं नाही.